कोरडगव्हाणच्या झाडाची पात्रता

झाड आपलं आपण मोठं होतं. प्रसिद्ध मात्र त्याला करावं लागतं. हे सत्य पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या ध्यानात न आल्यामुळे नेवासे तालुक्यातली असंख्य झाडं नुसतीच वाढत राहिली, सावली देत राहिली आणि एक दिवस कुणालाही न कळवता वठून गेली. हा गलथानपणा थांबवण्याचा मान एकोणीसशे बहात्तर सालाला मिळाला. त्या साली पाऊस आला नाही. पाऊस न आल्यामुळे पेरण्या झाल्या नाहीत, पेरण्या न झाल्यामुळे कार्यकर्त्यांना सवड मिळाली, आणि सवड मिळाल्यामुळे ‘तालुका प्रसिद्ध वृक्ष ओळख व जतन समिती’ स्थापन झाली.

समिती निघायला आणखी एक कारण होतं, पण त्याचा झाडांशी संबंध नसल्यामुळे ते इतिवृत्तात आलेलं नाही. तालुक्याचे पुढारी श्रीमंतराव त्या साली पंचायत समितीच्या निवडणुकीत पडले होते. पडलेल्या माणसाला फार दिवस तसाच पडू देणं कुठल्याही पक्षाच्या तब्येतीला बरं नसतं. पण दूध, खरेदी-विक्री, शिक्षण, देवस्थान या सगळ्या संस्थांचे अध्यक्ष धडधाकट होते आणि एकालाही साधा खोकला नव्हता. तालुक्यात एक अध्यक्ष शिल्लक होता आणि संस्था संपल्या होत्या. झाडं मात्र होती.

नियम करताना समितीने कसलीही घाई केली नाही. (पहिल्या काही सभा बिल्ल्याचा रंग हिरवा असावा की पोपटी, या विषयावर झाल्या.) शेवटी ठरलं ते असं. झाड जुनं असावं. झाडाला स्वतःचं वय सांगता येत नसल्यामुळे ते सरपंचाला विचारावं. झाडाखाली एखादी थोर व्यक्ती बसलेली, झोपलेली, गेला बाजार टेकलेली तरी असावी. ही व्यक्ती मयत असावी, कारण जिवंत थोर माणूस उद्या उठून दुसऱ्या झाडाखाली जाऊन बसण्याचा धोका असतो. फळझाडांकडे जरा संशयानेच पाहावं, कारण तिथे येणारी माणसं आदरापायी येतात की चिंचांपायी, हे नक्की सांगता येत नाही. कुणी झाडाला फास घेतलेला असल्यास तो देशासाठी घेतला होता, असा तलाठ्याचा दाखला जोडावा.

तालुक्याने भरभरून प्रतिसाद दिला. दोनशे बारा अर्ज आले. त्यांपैकी एकसष्ट झाडांखाली गुळवेलबाबा विसावले होते. (गुळवेलबाबा हे भागातले जुने सत्पुरुष. त्यांचे चमत्कार सत्तावन्न. तेव्हा बाबांनी चमत्कारांपेक्षा विश्रांतीच जास्त घेतली की काय, अशी शंका एका सदस्याने काढली. चमत्कार सकाळी झाले आणि विश्रांती दुपारी, असं ठरवून समितीने तो वाद एकमताने मिटवला.) तेवीस झाडांना कुणा सरदाराने घोडा बांधला होता, त्यांत एक पपई होती. चार झाडांखाली कुणीच थोर बसलं नव्हतं, आणि अर्जदारांनी तसं सरळ लिहिलं होतं. हे चार अर्ज समितीची थट्टा म्हणून दप्तरी लावण्यात आले.

यांतला एक अर्ज चांगुणा निपुंगे हिचा होता.

चांगुणा राजूरच्या शाळेत मराठी शिकवायची. राजूरकडे, भंडारदऱ्याच्या बाजूला, झाडं इतकी आहेत की त्यांतलं एकही प्रसिद्ध नाही. तिचं गाव कोरडगव्हाण. तिथे झाडं कमी, त्यामुळे प्रत्येकाला थोडीफार आशा होती. गावाच्या वळणावर एसटी थांबायची. वळणाच्या पश्चिमेला वड होता. त्याला पार होता, आणि ज्यांना ज्यांना काही सांगायचं असे ते सगळे त्या पारावर बसत. चांगुणाच्या वडिलांना, म्हणजे नानांना, काही सांगायचं नसे. ते रस्ता ओलांडून पूर्वेच्या झाडाखाली बसत.

नाना पाटबंधारे खात्यात कारकून होते. आयुष्यभर त्यांनी नगर जिल्ह्याचं पाणी कागदावरून वाहतं ठेवलं आणि वय झाल्यावर घरी आले. पुढे त्यांचं काम एकच : शनिवारी लेकीची गाडी बघायची. राजूरहून संगमनेर, संगमनेरला गाडी बदलून पुढे, असं करत ती उन्हं कलताना पोचायची. नाना दुपारी जेवण झालं की जाऊन बसत.

“कशाला हो इतक्या लवकर येता?” ती एकदा म्हणाली होती. “उन्हातान्हाचं.”

“घरी बसलो तरी वाटच बघायची,” नाना म्हणाले. “हितं निदान गाडी दिसती.”

एवढं बोलून त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली. पिशवी घेणं हे त्यांचं दुसरं काम. बाकीचे वारही ते सरावासाठी म्हणून तिथेच काढीत. गाडी थांबली की खिडकीतून आत बघून चढणाऱ्यांना सांगत, “मागं जागा हाय, मागं जागा हाय.” गाडी गेली की झाडाला टेकत आणि त्यांना डुलकी लागे. बसून बसून तिथली एक मुळी घरातल्या पाटासारखी गुळगुळीत झाली होती.

त्या आषाढात, पाऊस येईल असं अजून सगळ्यांना वाटत होतं तेव्हा, नाना गेले. चांगुणा शनिवारी येत राहिली, कारण घर होतं, कुलूप होतं, आणि कुणीतरी येऊन ते उघडायला हवं होतं. गाडीतून उतरताना तिचा हात सवयीने पिशवी पुढे करायचा. मग ती पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची आणि चालू लागायची. पारावरच्या लोकांना वाटे, पिशवी जड असेल.

दिवाळीच्या सुमारास दुष्काळी कामं निघाली आणि कोरडगव्हाणच्या वाट्याला रस्ता रुंद करण्याचं काम आलं. ज्या रस्त्यावरून दिवसाला तीन गाड्या आणि वर्षाला एक मंत्री जात असे, तो अरुंद आहे हे इतके दिवस कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. पश्चिमेला पार, पारावर गावचे कारभारी. तेव्हा रस्ता पूर्वेला रुंद होणं हे नैसर्गिकच होतं. पूर्वेच्या सगळ्या झाडांवर चुन्याच्या फुल्या पडल्या. दुष्काळात सावली कमी करण्याचं काम सरकारने अंगावर घेतलं म्हणून कुणाला नवल वाटलं नाही. हाताला काम मिळत होतं, आणि उन्हात काय, सगळेच होते.

ही बातमी तिला सांगितली लंकाबाईने. लंकाबाई शेजारीण, आता खडी फोडायच्या कामावर होती. ती गाडीपाशीच येऊन उभी राहिली.

“चांगुणे, तुज्या बापाच्या झाडाला बी फुली मारली गं.”

चांगुणाने रस्त्यापलीकडे पाहिलं. झाडाच्या फांद्यांना तीन झोळ्या बांधलेल्या होत्या. कामावरच्या बायांची पोरं त्यांत झोपली होती. फुली नाना टेकत तिथेच होती.

“कोणी मारली?”

“तो वव्हरशेर. मी म्हनलं, अरं बाबा, पोरं कुटं निजवायची? तर म्हनला, पोरं कामावर आनायची परवानगी हाय का?” लंकाबाईने कपाळाचा घाम पदराने पुसला. “तुला लिवाया येतं. तू लिव कायतरी. आमी बोललं तर नुसतं बोलनं हुतं.”

चांगुणा ओव्हरसियरकडे गेली. माणूस वाईट नव्हता. उन्हाने आणि फायलींनी वाळला होता, इतकंच. तो म्हणाला, “बाई, मला झाडाशी वैर नाही. झाड प्रसिद्ध आहे असा समितीचा कागद आणा, मी धक्का लावणार नाही. नसेल प्रसिद्ध, तर मग ते नुसतं झाड आहे. त्याला मी काय करू?”

तिने अर्ज केला. सबंध एक पानसुद्धा भरला नाही तो. झाड कसं आहे, कुठे आहे, तिथे तिचे वडील बसत, आता मजुरांची पोरं झोपतात, एवढंच लिहिलं. हाच तो थट्टा म्हणून दप्तरी लावलेल्या चार अर्जांपैकी एक. पण कोरडगव्हाणचे ग्रामसेवक अजीजभाऊ हे समितीचे चिटणीसही होते. त्यांनी नानांकडून पुष्कळदा सरकारी पत्रांचे मसुदे तपासून घेतले होते. त्यांनी अर्ज दप्तरातून काढला आणि चांगुणाला नेवाशाला सभेपुढे बोलावून घेतलं.

सभेत श्रीमंतराव मधोमध बसले होते. समोर टेबलावर एक रोप कुंडीत ठेवलेलं होतं. ते प्लॅस्टिकचं होतं, पाणीटंचाईमुळे.

“तुमचे वडील काय होते?” श्रीमंतरावांनी विचारलं.

“पाटबंधारे खात्यात कारकून.”

“ते झालं. ते सोडून?”

“ते सोडून काही नव्हते.”

“तुरुंगात वगैरे?”

“नाही.”

“भजन, कीर्तन, प्रवचन?”

“ऐकायला जात. फार लांबलं तर उठून येत.”

सदस्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरी कळकळ होती. कुठूनतरी या बाईला मदत करता यावी असं त्यांना मनापासून वाटत होतं, हे नमूद केलं पाहिजे.

“एखादं व्यसन तरी?” श्रीमंतराव पुढे वाकून म्हणाले. “व्यसन सुटलेली माणसं आपल्याला चालतात. मागच्या सभेत आपण एक घेतला.”

“चहाचं होतं. सुटलं नाही.”

“बेचाळीस साली?” अजीजभाऊंनी हळूच विचारलं. “बेचाळीस साली नाना काय करत होते, बाई?”

चांगुणाने आठवलं. ती तेव्हा चार वर्षांची होती. “त्यांना गालगुंडं झाली होती. आठवडाभर कचेरीत गेले नव्हते.”

अजीजभाऊंनी फाउंटन पेनाचं टोपण काढलं.

“म्हणजे सरकारी नोकरीवर गैरहजर.”

“आजारी होते.”

“घरातच होते? बाहेर कुणाला दिसले नाहीत?”

“बाहेर कसे दिसतील? दोन्ही गाल सुजून एवढाले झाले होते. सख्ख्या भावालाही ओळखू आले नाहीत.”

“ओळखू आले नाहीत,” अजीजभाऊंनी लिहून घेतलं.

श्रीमंतराव खुर्चीत ताठ बसले. “वा! हे आधी का नाही सांगितलं?”

पुढच्या शनिवारी अजीजभाऊंनी तिला ग्रामपंचायतीत बोलावून ठरावाचा चार पानी मसुदा वाचायला दिला. अजीजभाऊंचं अक्षर सुरेख होतं आणि मजकूर त्याहून सुरेख. गहिनीनाथजी निपुंगे, म्हणजे नाना, यांचा जन्म कसा झाला इथपासून सुरुवात होती. (प्रत्यक्षात तो इतरांसारखाच झाला होता.) बेचाळीसच्या धामधुमीत त्यांनी सरकारी नोकरीवर लाथ मारली आणि चेहरा संपूर्ण पालटून ते भूमिगत झाले. त्यांना शोधण्यात सख्ख्या भावालाही यश आलं नाही. पुढे पाण्याच्या समान वाटपासाठी त्यांनी पाटबंधारे खात्यात ‘आतून’ लढा दिला. उत्तरायुष्यात ते वळणावरच्या वृक्षाखाली ध्यानस्थ बसत. समाधी इतकी खोल लागे की मोटारीच्या भोंग्यानेही भंग पावत नसे. येणाऱ्याजाणाऱ्या वाटसरूंना ते एकच उपदेश करत : जागा आहे, सर्वांना जागा आहे. समतेचा एवढा थोडक्यात सांगितलेला संदेश तालुक्यात दुसरा आढळत नाही.

चांगुणा पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली. ती चार पानांत नानांना शोधत होती. तिसऱ्या पानावर एका ओळीत ते तिला भेटले : ‘चहा बशीत ओतून, फुंकर न घालता, निवेपर्यंत थांबून पीत.’ पण त्या ओळीवर श्रीमंतरावांनी लाल पेन्सिलीने काट मारली होती. विरक्त माणूस चहा पीत नाही.

“अजीजभाऊ, हे नाना नाहीत.”

“मला ठाऊक आहे, बाई.”

“त्यांना हे वाचून लाज वाटली असती.”

“मसुदा दुरुस्त करून दिला असता त्यांनी,” अजीजभाऊ म्हणाले. “उपदेश शब्दातला श पोटफोड्या का केलाय म्हणून विचारलं असतं.” मग त्यांनी पेन तिच्यापुढे केलं. “एक सांगा मला. तुम्हाला झाड वाचवायचंय का नाना?”

बाहेर पाण्याचा टँकर आला होता आणि हंड्यांचा कालवा चालला होता. चांगुणाने विचार केला. नाना तर गेलेच होते; त्यांचं आता कुणी काही वाकडं करू शकत नव्हतं, निदान तिला तसं वाटलं. झाड अजून होतं. शनिवारी गाडी थांबली की समोर ते दिसायचं, आणि त्या मुळीवर कुणी नसलं तरी मुळी असायची. एका माणसाच्या बदल्यात एक जागा मिळत होती. व्यवहार तिला त्या वेळी वाईट वाटला नाही. तिने ‘वरील मजकूर मला मान्य आहे’ या ओळीखाली सही केली.

ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. श्रीमंतरावांचं भाषण झालं. आपल्या जडणघडणीत गहिनीनाथजींचा मोठा वाटा होता, आपण निवडणुकीत पडलो त्या रात्री त्यांचाच चेहरा डोळ्यांसमोर आला होता, असं सांगताना त्यांचा आवाज भरून आला. (श्रीमंतरावांनी नानांना पाहिलेलं नव्हतं. पण ज्याला सख्ख्या भावाने ओळखलं नाही, त्याचा चेहरा डोळ्यांसमोर यायला ओळख लागत नाही.) एका सदस्याने तिथल्या तिथे कवन केलं. दुसऱ्याने कोरडगव्हाण फाट्याचं नाव गहिनीनाथनगर करावं अशी सूचना मांडली. ती पुढच्या सभेसाठी राखून ठेवण्यात आली. ओव्हरसियरला ठरावासह रीतसर आदेश गेला : ‘वळणावरील, कै. गहिनीनाथजी ज्याखाली बसत, त्या वृक्षास धक्का न लावता रस्त्याचे काम करावे. वृक्षास काटेरी तारेचे कुंपण घालावे, नामफलक लावावा व राखणीस माणूस नेमावा.’

त्यानंतर शाळेच्या परीक्षा आल्या. उत्तरपत्रिकांमुळे चांगुणाला सलग दोन शनिवार राजूरलाच राहावं लागलं. तिला काळजी नव्हती. कागद झाला होता.

तिसऱ्या शनिवारी गाडी वळणावर थांबली. चांगुणा उतरली आणि सवयीने रस्त्यापलीकडे पाहिलं. पलीकडे रस्ताच होता. मुरूम दाबून सपाट केलेला, रुंद, स्वच्छ; वाटेत कुठेही नजर अडत नव्हती. कामाचा दर्जा चांगला होता, हे कुणीही कबूल केलं असतं.

अलीकडे, पश्चिमेला, वडाभोवती काटेरी तार होती. पारावर कुणी नव्हतं; कारभारी मंडळी तारेबाहेर उभी राहून बोलत होती आणि उभ्याने बोलायचं असल्यामुळे थोडक्यात आटपत होती. खोडाला ठोकलेल्या पत्र्याच्या पाटीवर लिहिलं होतं : ‘याच वृक्षाखाली थोर भूमिगत तपस्वी कै. गहिनीनाथजी निपुंगे यांनी ध्यानधारणा केली. आत बसू नये.’

लंकाबाई खडीच्या ढिगावरून उठून आली. तिच्या पाठीशी एक पोर फडक्याने बांधलेलं होतं. कुणाचं, कोण जाणे. आता बाया आळीपाळीने एकमेकींची पोरं पाठीशी घेऊन खडी फोडत होत्या.

“मी लई भांडले गं,” ती म्हणाली. “कुऱ्हाडी घिऊन आली मान्सं तवा मी आडवी झाले. म्हनलं, ह्येच झाड, हितंच बसायचा म्हातारा. तर वव्हरशेरनं कागद काडला. चार पानं. समदी वाचली त्यानं, हितं उन्हात हुबं राहून. वाचलं आन्‌ मला म्हनला, मावशी, येवढा मोठा मानूस, भूमिगत काय, समाधी काय, तो असा पारावरचा वड सोडून ह्या झाडाखाली कशाला यील?”

“तू सांगितलं नाहीस? रोज बघत होतीस तू.”

“सांगितलं की! म्हनलं, माज्या डोळ्यांनी बघितलंय, हितं बसायचा आन्‌ घोरायचा. तर त्याला राग आला. म्हनला, ह्या थोर पुरुषाबद्दल तोंड सांबाळून बोला.” लंकाबाईने पाठीवरचं पोर वर सरकवलं. “मंग मी म्हनलं, बाई ह्याच झाडासाटी तुज्याकडं आली हुती न्हवं? तर म्हनला, ती तोंडानं बोलली, कागदावर कुटं लिवलंय का, कंचं झाड त्ये? मला काय वाचाया येतंय? मी म्हनलं, आसंल. तो म्हनला, न्हाई.”

ओव्हरसियरची बाजूही समजून घेतली पाहिजे. त्याने आदेशाचं तंतोतंत पालन केलं होतं. प्रसिद्ध वृक्ष जतन झाला होता. रस्ता मुळात पूर्वेलाच रुंद व्हायचा होता, तो पूर्वेलाच झाला. आखणीत कसलाही बदल करावा लागला नाही. समितीच्या कामामुळे सरकारी कामात तसूभरही अडथळा येत नाही, हे यातून सिद्ध झालं, आणि पुढे जिल्ह्यातल्या इतर तालुक्यांनाही असल्या समित्या काढण्याची शिफारस झाली, ती याच आधारावर.

चांगुणा उन्हात उभी होती. थोडी सावली बघून ती तारेपाशी सरकली, तसा राखणीचा माणूस काठी घेऊन उठला. राखणदारही दुष्काळी कामावरचाच होता.

“ओ बाई, मागं व्हा. पाटी दिसत न्हाई का?”

“आरं मुडद्या, तिच्या बापाचं झाड हाय त्ये!” लंकाबाई ओरडली.

“आसंल की,” तो म्हणाला. “मंग तर तिला ठावं पायजे.”

चांगुणा तिथून ग्रामपंचायतीत गेली. अजीजभाऊ एकटेच होते. तिला दारात बघून ते उठून उभे राहिले, आणि त्यांनी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

“माझ्या अर्जात होतं,” ती म्हणाली. “पहिलंच वाक्य होतं. झाड कसलं, कुठल्या बाजूचं, सगळं.”

“होतं.”

“मग?”

“ठरावाची सुरुवात थोर पुरुषाच्या जन्मापासून करायची असते, बाई. ते वाक्य पहिलं राहू शकत नव्हतं. म्हणून खाली घेतलं. खाली समाधी होती, तिथे ते बसेना. अजून खाली घेतलं. मग पान संपलं.” अजीजभाऊंनी चष्मा काढला, पुसला आणि हातातच ठेवला. “चार पानं मी तीनदा लिहिली. श्रीमंतरावांनी वाचली, सभेने वाचली, कुणाच्या लक्षात आलं नाही. तुम्ही दोनदा वाचलीत. सही केलीत.”

चांगुणाने ती दोनदा वाचली होती हे खरं होतं, आणि दोन्ही वेळा ती त्यांत माणूस शोधत होती.

रविवारी परतीच्या गाडीला ती अर्धा तास आधी आली आणि रस्त्याच्या नव्या भागावर, जिथे मुळी होती असा तिचा अंदाज होता, तिथे उभी राहिली. अंदाजच, मुरूम सगळीकडे सारखा होता. गाडी आली, कंडक्टरने दार उघडलं. आत गर्दी होती. मागे जागा आहे की नाही, हे बाहेरून सांगायला कुणी नव्हतं, त्यामुळे ती पुढेच दांडीला धरून उभी राहिली आणि संगमनेरपर्यंत तशीच गेली.

समितीचं काम पुढे वाढतच गेलं. दर वर्षी आषाढात तारेबाहेर कार्यक्रम होतो, भाषणं होतात. चांगुणाला पहिल्या वर्षी निमंत्रण होतं, दुसऱ्या वर्षी नव्हतं. नातेवाईक आले की भाषणांना संकोच होतो, असा अनुभव होता.

हे सगळं वाचून समितीला हसू येणं स्वाभाविक आहे. श्रीमंतरावांना हसा, अजीजभाऊंच्या चार पानांना हसा, उन्हात उभं राहून ती प्रामाणिकपणे वाचणाऱ्या त्या ओव्हरसियरलाही हसा. फक्त एवढं असू द्या. हीही जवळजवळ तेवढीच पानं झाली. ती तुम्ही सावलीत बसून, लक्ष देऊन, शेवटपर्यंत वाचलीत. तोडलेल्या झाडाबद्दल मधेच कुठेतरी तुम्हाला वाईटही वाटलं असेल. ते झाड कसलं होतं, हे इतका वेळ तुम्हीही विचारलेलं नाही.